एसीवरचं स्टार लेबल कसं वाचायचं (सोलापूरच्या उन्हात एसी घेणाऱ्यांसाठी)

२०२२ च्या दिवाळीआधी आम्ही घरातला पहिला एसी घेतला, दीड टनी, इन्व्हर्टर, ५ स्टार. दुकानदार म्हणाला मागचा स्टॉक काढायचाय म्हणून कमी करून देतो, आम्हाला वाटलं दिवाळीची ऑफर असणार, घेऊन टाकला. पुढचा मे आला, एसी रोज चालला आणि बिल आलं. अण्णा ते बिल हातात घेऊन एसीखाली उभे राहिले, वर बघत म्हणाले, "पाच चांदण्या हायत म्हणून घेतलास ना बे, मग ह्यो आकडा कसला?"

मला काही सांगता आलं नाही. रात्री स्टुलावर चढलो, मोबाईलचा टॉर्च लावला आणि ज्या लेबलवरच्या फक्त चांदण्या बघून एसी घेतला होता ते लेबल पहिल्यांदा पूर्ण वाचलं. त्यावर लेबल कधीपासून कधीपर्यंतचं आहे ते छापलेलं होतं आणि ती मुदत ३० जून २०२२ ला संपलेली. आयएसईईआर म्हणून एक आकडा होता, ४.६. म्हणजे आम्ही घेतला त्या दिवसाच्या नियमानं तो एसी ४ स्टारचा होता, ५ चा नव्हता. लेबल खोटं नव्हतं बरं का, ते जुन्या तक्त्यानुसार बरोबरच होतं, फक्त आम्हाला वाचता येत नव्हतं आणि दुकानात कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून बिल्डिंगमधलं, नात्यातलं कुणीही एसी घ्यायला निघालं की मी आधी त्यांना हे सगळं सांगतो, आज इथं लिहून ठेवतोय.

हे स्टार देतं कोण, तर बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखालचं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो. २००६ पासून ही स्टारची पद्धत सुरू आहे आणि घरगुती एसीला २०१० पासून लेबल सक्तीचं झालं. २०१८ पासून साधा एसी आणि इन्व्हर्टर एसी दोघांना एकाच तक्त्यात बसवलं आणि त्याचं माप म्हणजे हा आयएसईईआर. नाव अवघड आहे पण गोष्ट सोपी आहे, वर्षभरात एसीनं खोलीतली जेवढी उष्णता बाहेर काढली त्याला वर्षभरात खाल्लेल्या विजेनं भागायचं, जो आकडा येतो तो आयएसईईआर. ४.६ म्हणजे एक युनिट वीज खाऊन ४.६ युनिट उष्णता घराबाहेर टाकली. एकाला साडेचार कसे होतील असं अण्णांनीही विचारलं होतं, पण एसी थंडी तयार करतच नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकणारा हमाल आहे, आणि ओझं स्वतः तयार करण्यापेक्षा असलेलं ओझं उचलून नेणं स्वस्त पडतं म्हणून हे जमतं.

आता तक्ता. २०१८ पासून जून २०२२ पर्यंत स्प्लिट एसीला ३.१० पासून १ स्टार, ३.३० ला २, ३.५० ला ३, ४.०० ला ४ आणि ४.५० च्या वर गेला की ५ स्टार मिळायचे. जुलै २०२२ पासून हेच आकडे वर सरकले, ३.३० ला १, ३.५० ला २, ३.८० ला ३, ४.४० ला ४ आणि ५ स्टारला किमान ५.००. आमचा ४.६ वाला जूनमध्ये ५ स्टार होता आणि जुलैत ४ झाला, मशीन तेच, एक स्क्रूसुद्धा बदलला नाही. जानेवारी २०२६ पासून निकष पुन्हा कडक झालेत, त्यामुळं आदल्या वर्षीचे बरेच ५ स्टार आता ५ राहिले नाहीत. म्हणून दुकानात गेल्यावर पहिली नजर चांदण्यांवर नको, मुदतीवर टाका. जुना स्टॉक घेऊ नका असं मी म्हणत नाही, किंमत खरंच कमी असेल तर जरूर घ्या, पण तो आजच्या हिशोबानं किती स्टारचा आहे ते कळून घ्या आणि त्या भावात मागा. आयएसईईआरचा आकडा मात्र तक्ता बदलला तरी बदलत नाही, त्यामुळं दोन एसींची तुलना करायची तर त्यानंच करा. जुलै २०२२ च्या तक्त्यात ३.८१ पण ३ स्टार आणि ४.३५ पण ३ स्टारच होता, आणि ह्या दोघांत चांगला १४ टक्क्यांचा फरक आहे, चांदण्या मोजणाऱ्याला तो दिसतच नाही.

दुसरा आकडा आहे वॅटचा, आणि इथं माणसं सगळ्यात जास्त चुकतात. लेबलवर कूलिंग कपॅसिटी लिहिलेली असते, १०० टक्के लोडला (पूर्ण जोरात) किती वॅट आणि ५० टक्के लोडला (अर्ध्या जोरात) किती. एक टन म्हणजे साधारण ३५१७ वॅट, म्हणून दीड टन म्हणजे ५२७५ च्या आसपास असायला पाहिजे. मागच्या वर्षी मावसभावाबरोबर नवी पेठेत गेलो होतो, दोन एसी शेजारी शेजारी टांगलेले, दोघांवरही मोठ्या अक्षरात दीड टन, दोन्ही ५ स्टार, एक तीन हजारांनी स्वस्त. भाऊ खिशातनं कार्ड काढायलाच लागला होता, मी म्हटलं थांब की जरा, आणि खाली वाकून वाचलं तर एकाची कपॅसिटी ५२८० वॅट आणि स्वस्त असलेल्याची ४८०० च्या थोडी वर. म्हणजे दुसरा दीड टन नावालाच, खरं तर १.३७ टन. पुण्यात, नाशकात एखाद्या वेळेस चालून जाईल, पण शेळगीला वरच्या मजल्यावर डोक्यावर स्लॅब तापलेला असताना ते चारशे-पाचशे वॅट फार जाणवतात.

आणि यातच आणखी एक गोम आहे. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तेही लिहिलेलं असतं, लोक तो आकडा बघतात आणि ज्याचा कमी तो चांगला म्हणतात. पण कपॅसिटी कमी असली की युनिट कमी दिसणारच, लहान गाडीला पेट्रोल कमी लागतं तसं. त्यामुळं युनिटची तुलना करायची तर आधी दोघांचे वॅट जवळपास सारखे आहेत का बघा, नसतील तर आयएसईईआरवर या.

ते वर्षाचे युनिट कसे काढलेत हे पण समजून घेतलं पाहिजे. ते १६०० तासांचं गणित आहे. बाहेरचं तापमान २४ अंशापासून ४३ अंशापर्यंत कुठल्या अंशाला वर्षात किती तास, असा एक देशभरासाठीचा सरासरी हिशोब धरलेला आहे आणि त्यात मधल्या तापमानाचे तास जास्त आहेत. आपल्या सोलापुरात मे महिन्यात दुपारी काय होतं हे मी सांगायला नको, ४३ हे त्या तक्त्याचं शेवटचं टोक आहे आणि आपण तिथं अनेक दुपारी जातो. जितकं बाहेर तापलेलं तितकं आउटडोअर युनिटला आतली उष्णता बाहेर ढकलायला जड जातं. विहिरीचं पाणी जसं खोल गेलं की तीच मोटर तेवढीच वीज खाऊन कमी पाणी देते, अगदी तसंच. लेबलवरचे वॅटसुद्धा बाहेर ३५ अंश असताना मोजलेले असतात, ४३ ला ते कमीच मिळणार. म्हणून लेबलवर ७५० युनिट लिहिलंय म्हणजे माझं बिल तेवढंच येईल असं धरून चालू नका, तो आकडा एकमेकांशी तुलना करण्यासाठी आहे. दुकानात एक प्रश्न जरूर विचारा, ४३ किंवा ४६ अंशाला याची कपॅसिटी किती राहते, काही कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये ते दिलेलं असतं. बॉक्सवर ५२ अंशालाही चालतो असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तो बंद पडत नाही एवढाच, तेवढंच गार करतो असा नाही.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी ३ स्टार घ्यायचा का ५ हा प्रश्न तिथंच सुटतो. जुलै २०२२ च्या तक्त्यातला ३ स्टार, पूर्ण दीड टनाचा, आयएसईईआर ३.८ च्या आसपासचा एसी घेतला तर लेबलवर साधारण १००० युनिट दिसतात, त्याच तक्त्यातला ५ स्टार, ५.२ च्या आसपासचा घेतला तर साधारण ७५०. फरक २५० युनिट, पण १६०० तासांत. तुमचे तास किती? समजा मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० रात्री, रोज ८ तास, तर झाले ७२० तास, मग तुमची बचत २५० नाही तर ११२ युनिट. समजा तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर सगळं धरून युनिटला १५ रुपये पडतो, तर वर्षाला १६८० रुपये वाचले. दोन एसींच्या किमतीत ८००० चा फरक असेल तर तो निघायला पावणेपाच वर्षं लागतात. घरात म्हातारी माणसं आहेत, दुपारी पण लावावा लागतो, रोज १२ तास, तर १६९ युनिट, अडीच हजार रुपये, तीन वर्षांच्या थोडं वर फरक वसूल. आणि दुकान, क्लास, दवाखाना असेल, रोज १० तास, वर्षाचे २५० दिवस, तर ३९० युनिट, दीड वर्षाच्या आतच पैसे निघतात आणि तिथं कमर्शियल दर वेगळा लागतो तो धरून बघा. माझं स्पष्ट मत सांगतो, दुकानाला आणि दिवसरात्र वापराच्या खोलीला ५ स्टारच घ्या, पण पाहुण्यांच्या खोलीला, वर्षातनं महिनाभर लावायचा असेल तर चांगला ३ स्टार, आयएसईईआर ४ च्या वरचा, पूर्ण कपॅसिटीचा, एवढा पुरे आहे आणि वाचलेले पैसे गच्चीच्या पांढऱ्या कोटिंगला घाला.

दर किती धरायचा ते तुमच्याच बिलावरनं काढा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्याच्या वर असे टप्पे असतात. खूप जणांचा गैरसमज आहे की ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो, तसं नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण म्हणूनच एसीनं वाचवलेलं युनिट हे तुमचं सगळ्यात महागडं युनिट असतं, कारण ते वरच्या टोकातनं कमी होतं. उन्हाळ्याच्या बिलात तुम्ही ज्या टप्प्यात जाता त्याचा दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन लागलं असेल तर ते मिळवा आणि वर १६ टक्के वीज शुल्क चढवा, हा तुमचा खरा दर. सरासरी दर धरून हिशोब केला तर ५ स्टार उगीचच महाग वाटतो.

इन्व्हर्टरबद्दल एक गोष्ट. साधा एसी पूर्ण जोरात चालतो, बंद होतो, परत चालतो. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली गार झाली की वेग कमी करतो आणि हळू चालत राहतो, त्या हळू चालण्यातच सगळी बचत आहे, आयएसईईआर वाढतो तो अर्ध्या लोडच्या कामगिरीमुळंच. पण खोली मोठी, एसी लहान, पश्चिमेची खिडकी उघडी, वर तापलेला स्लॅब आणि रिमोटवर १८, अशी परिस्थिती असेल तर त्याला हळू व्हायला वेळच मिळत नाही, रात्रभर तो पूर्ण जोरातच पळतो आणि तुमच्या ५ स्टारचा काही उपयोग होत नाही. आमच्याकडं नेमकं हेच होत होतं. जुन्या लेबलपेक्षा आमचं जास्त नुकसान या १८ नं केलं, हे मला नंतर कळलं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना चालू करताना २४ अंशच डीफॉल्ट ठेवायचा नियम आहे तो याचसाठी. बीईईच्या म्हणण्यानुसार सेटिंग एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, २६ ला लावून वर पंखा २ वर ठेवा, झोप छान लागते, अण्णांना तर पहाटे चादर लागते, ती पण आपली सोलापुरी जाड चादर.

आणि हो, कोरड्या हवेवरनं आठवलं, आपल्या गावात कुलर खरंच चांगलं काम करतो, मुंबईसारखा दमट हवेत निकामी होत नाही, आणि वीज एसीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात. पण त्याला पाणी लागतं आणि आपल्याकडं नळ किती दिवसांनी येतो ते प्रत्येकाला माहीत आहे. ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांनी आधी कुलरचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

लेबल कितीही चांगलं असलं तरी ते नव्या, स्वच्छ मशीनचं असतं. माझी बहीण पूर्व भागात राहते, आजूबाजूला यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने, दिवसभर खटखट आणि हवेत तूस. दाजी म्हणाले एसी गार करत नाही, गॅस गेला वाटतं, मेकॅनिकला फोन लावणारच होते. मी पुढचं झाकण उघडून फिल्टर बाहेर ओढला तर जाळी दिसतच नव्हती, त्यावर पांढरा थर बसलेला, एका कोपऱ्यात नखानं उचलला तर अख्खा पापुद्रा एका तुकड्यात निघून हातात आला, गोधडीच्या आतल्या कापसासारखा. नळाखाली उलट्या बाजूनं धुतला, सावलीत वाळवला, बसवला, दहा मिनिटांत खोली गार. मीटरवर मोजलं तेव्हा आदल्या रात्री ८ युनिट गेले होते, त्या रात्री ६. कॉम्प्रेसर तोच, स्टार तेवढेच. कारखान्यांजवळ राहत असाल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला, बाकीच्यांनी पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा, याला मेकॅनिक लागत नाही. आउटडोअर युनिट मात्र वर्षातनं एकदा, फेब्रुवारीत, गर्दी व्हायच्या आधी, पाण्याच्या प्रेशरनं धुवून घ्या. आणि ते बसवताना पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात किंवा डक्टमध्ये कोंडून बसवू देऊ नका, मिस्त्री पाईप वाचवायला सोपी जागा शोधतो, तुम्ही दोन मीटर पाईपचे पैसे द्या पण मोकळी, सावलीची जागा घ्या. वर सावलीसाठी पत्रा टाकायचा तर तोंडासमोर गरम हवा अडणार नाही एवढं बघा.

मीटरवर मोजायचं कसं ते पण सांगतो, कारण याच्याइतकी खरी टेस्ट दुसरी नाही. रात्री झोपायच्या आधी गिझर, पंप, इस्त्री सगळं बंद आहे ना बघा, मीटरवरचं रीडिंग लिहा, नेहमीसारखा एसी लावून झोपा, सकाळी उठल्या उठल्या परत लिहा. फ्रिज आणि पंख्याचं एक-दीड युनिट वजा करायचं असेल तर एक रात्र एसी न लावता तेच करून बघा. मग एक रात्र २२, एक रात्र २४, एक रात्र २६. आमच्याकडं अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात हे आकडे लिहितात, निळ्या पेननं रात्रीचं, लाल पेननं सकाळचं. जे आकडा मोजतात त्यांना कुणी १८ लावू नका म्हणून सांगावं लागत नाही.

आणि शेवटचं, घ्यायच्या आधी मॉडेल नंबर बीईईच्या स्टार लेबल अ‍ॅपमध्ये टाकून बघा, तिथं कपॅसिटी, आयएसईईआर, युनिट सगळं दिसतं, दुकानातल्या लेबलशी जुळतंय का ताडून घ्या. घरी एसी बसवल्या दिवशीच लेबलचा आणि बिलाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, कारण पुसताना, सर्व्हिसिंगला ते लेबल कधीतरी निघून जातं, आणि पुढच्या वेळी नवा एसी घेताना तुलना करायला जुन्याचे हेच आकडे लागतात.